लंकेला पाठवायचे विद्यार्थी

(धर्मानंद कोसंबी यांच्या स्मरणार्थ वर्धा येथे दिलेले व्याख्यान)



४ जून १९४७ रोजी इथून आठेक किलोमीटरवर सेवाग्राम आश्रमात धर्मानंद कोसंबींनी देह ठेवला. सत्तर वर्षांचे होते. शरीर आता कुणाच्या उपयोगाचे राहिले नाही, उलट इतरांवर सेवेचा भार पडतो, या विचाराने त्यांनी अन्न सोडले होते. आदल्याच दिवशी, ३ जूनला, फाळणीची योजना जाहीर झाली होती. गांधीजी दिल्लीत होते. देश फाटत असतानाच्या त्या दिवसांत त्यांनी प्रार्थनासभेत कोसंबींची आठवण काढली, आणि कोसंबींची एक इच्छा मनावर घेतली: पाली आणि बौद्ध धर्म शिकण्यासाठी इथले काही विद्यार्थी लंकेला पाठवावेत.

आजच्या विषयाला मी इथूनच हात घालतो. आशियाच्या अभ्यासात पदव्युत्तर पदवी घ्यावी का, कुठे घ्यावी, घेऊन काय करावे, हे मला गेल्या काही वर्षांत अनेक मुलामुलींनी विचारले आहे. विचारणारे बहुतेक विदर्भातले, घरात पहिल्यांदाच पदवी मिळवणारे. कुणाला कोरियन मालिका पाहून कोरियन शिकायची असते. कुणाला विहारातल्या त्रिशरणाच्या पलीकडची पाली वाचायची असते. कुणी चीनबद्दल स्पर्धा परीक्षेपुरते वाचलेले असते आणि तेवढ्यावर मन भरत नाही. त्यांना मी सुटे सुटे जे सांगत आलो, ते आज एकत्र सांगायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की आशियाचा अभ्यास शेजाऱ्याच्या भाषेपासून सुरू होतो, आणि ज्या पदवीत ती भाषा नीट शिकवली जात नाही ती पदवी वर्ध्याच्या मुलाने पैसे आणि वर्षे घालून घेऊ नये. हे काम या जिल्ह्यात बसून सुरू करता येते, कारण ते इथे एकदा सुरू झालेले आहे.

कोसंबींचा जन्म १८७६ चा, गोव्यातल्या साखवाळ गावचा. नारळाची बागायत सांभाळणारे घर. शाळा जेमतेम झालेली. 'बालबोधमेवा' या मासिकात बुद्धाविषयीचा एक लेख त्यांच्या वाचनात आला आणि त्या माणसाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा, असे त्यांच्या मनाने घेतले. १८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. पुण्यात रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. तिथून ग्वाल्हेर, काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नेपाळात गेले तर तिथे त्यांना हवा तो बौद्ध धर्म सापडला नाही. बोधगयेवरून कलकत्ता, आणि १९०२ साली लंका. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी बसून ते पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशात राहिले. सिंहली लिपी, बर्मी लिपी, भिक्षूंचा दिनक्रम, भिक्षेचे अन्न, आजारपणे या सगळ्यांतून जात त्रिपिटक वाचले. त्यांचे 'निवेदन' हे आत्मचरित्र आपल्या भाषेत आहे. ज्याला ही वाट धरायची त्याने प्रवेशाच्या अर्जाआधी ते वाचावे.

या माणसाकडे कोणतीही पदवी नव्हती. तरी कलकत्ता विद्यापीठाने त्यांना पाली शिकवायला नेमले. ती नोकरी सोडून ते महाराष्ट्रात परतले, कारण सयाजीराव गायकवाडांनी त्यांना महिना पन्नास रुपये देऊ केले होते, आणि अट एवढीच की महाराष्ट्रात कुठेही राहावे व लिहावे. भांडारकरांच्या बळावर मुंबई विद्यापीठात पालीचा शिरकाव झाला. हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्यामुळे १९१० मध्ये कोसंबी अमेरिकेला गेले. हेन्री क्लार्क वॉरन यांच्या मृत्यूने अर्धवट राहिलेले 'विसुद्धिमग्गा'चे संपादन त्यांच्यावर सोपवले गेले. या एका ग्रंथासाठी त्यांच्या अमेरिकेला चार फेऱ्या झाल्या आणि हार्वर्डची आवृत्ती निघाली ती १९५० साली, त्यांच्या मृत्यूनंतर. मधल्या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली, गुजरात विद्यापीठात काम केले, लेनिनग्राडला जाऊन श्चेर्बात्स्कींच्या संस्थेत शिकवले, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग भोगला, परळच्या कामगारवस्तीत बहुजन विहार उभारला.

या चरित्रात विद्यार्थ्याने पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे कामाचा क्रम. आधी भाषा. मग ती भाषा जगणाऱ्या माणसांत वास. मग ग्रंथ. मग स्वतःच्या भाषेत, मराठीत, ते सगळे आणून ठेवणे. इंग्रजी त्यांनी शिकली ती नंतर, आणि गरजेपुरती. आज आपला विद्यार्थी नेमका उलट चालतो. तो इंग्रजीत लिहिलेली आशियाविषयीची पुस्तके वाचतो, इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकांवर इंग्रजीत प्रबंध लिहितो, आणि पदवीच्या शेवटी जपानचे एक वर्तमानपत्र त्याच्यापुढे ठेवले तर त्याला मथळासुद्धा वाचता येत नाही. दोष त्याचा नाही. त्याला तशीच पदवी विकली गेली आहे.

फर्ग्युसनमध्ये कोसंबींपाशी शिकलेल्यांची पिढी या बाबतीत फार कसदार होती. चिं. वै. राजवाडे, ना. के. भागवत आणि पु. वि. बापट ही नावे तुम्ही ऐकली असतील. बापटांचे उदाहरण मी नेहमी देतो. 'विमुत्तिमग्ग' हा ग्रंथ मूळ भाषेत नष्ट झालेला. तो संपूर्ण उरला आहे सहाव्या शतकात झालेल्या चिनी भाषांतरात. आपल्या गुरूने संपादलेल्या 'विसुद्धिमग्गा'शी त्याची तुलना करायची तर चिनी येणे भाग. म्हणून बापट चिनी शिकले, आणि १९३७ साली दोन्ही ग्रंथांचा तौलनिक अभ्यास त्यांनी प्रसिद्ध केला. वा. वि. गोखले तिबेटी आणि चिनी शिकले, ल्हासाच्या भारतीय मिशनमध्ये राहून आले. प्रश्न आधी होता आणि भाषा त्या प्रश्नाने शिकायला लावली. पदवी घेण्याचे याहून चांगले कारण मला ठाऊक नाही.

विदर्भातही त्या काळी ही हवा होती. रघुवीर हे लाहोरचे संस्कृतज्ञ. चीन, मंगोलिया, तिबेट, इंडोनेशिया इथल्या ग्रंथांचा प्रचंड संग्रह करणारी त्यांची संस्था १९४६ ते १९५६ अशी दहा वर्षे नागपुरात होती. मग ती दिल्लीला गेली. वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समितीचा कारभार भदंत आनंद कौसल्यायन यांनी जवळजवळ दशकभर पाहिला. ते लंकेच्या विद्यालंकार परिवेणात शिकलेले, जातककथा हिंदीत आणणारे भिक्षू. आपल्या पंचटीलावरच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठात बौद्ध अध्ययन केंद्र आहे ते त्यांच्याच नावाचे. तिथे चिनी आणि जपानी शिकवतात. चीनची, थायलंडची मुले तिथे हिंदी शिकायला येतात. आपल्या गावातल्या किती मुलांनी त्यांच्याकडून चार वाक्ये शिकून घेतली, हे मला विचारावेसे वाटते.

मग ही परंपरा तुटली कुठे?

जगात दुसऱ्या महायुद्धानंतर 'क्षेत्र अभ्यास' नावाची विद्याशाखा फोफावली. १९५७ साली रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या संसदेने संरक्षणाच्या नावाने शिक्षणाचा कायदा करून परकी भाषांना पैसा दिला. आशियाच्या भाषा शिकवणारी कितीतरी अमेरिकी केंद्रे त्या पैशावर उभी राहिली. लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेने १९१७ मध्ये पहिले विद्यार्थी घेतले, तेव्हा साम्राज्य चालवायला माणसे हवी होती. आपल्याकडे दिल्लीत सप्रू हाउसमध्ये १९५५ साली आंतरराष्ट्रीय अभ्यासाची शाळा निघाली, ती पुढे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सामील झाली. चीनचा अभ्यास शांतिनिकेतनच्या चीना भवनात १९३७ पासून होता, पण दिल्ली विद्यापीठात त्यासाठी स्वतंत्र केंद्र निघाले ते १९६२ च्या पराभवानंतर, १९६४ मध्ये. या सगळ्या संस्थांनी चांगले विद्वान दिले; त्यांचे ऋण मी मानतो. पण शेजाऱ्याला ओळखायची गरज युद्धानंतर वाटली, आणि त्या गरजेचा पत्ता दिल्ली हा राहिला. सीमा, क्षेपणास्त्रे, व्यापारातली तूट हे विषय पुढे आले. पाली, तिबेटी, सिंहली यांना धर्माच्या किंवा प्राचीन भाषांच्या कोपऱ्यात ठेवले गेले. बापटांच्या डोक्यात जे एकच काम होते त्याचे दोन तुकडे झाले.

त्यातला एक तुकडा विदर्भाने सांभाळला, हे आवर्जून सांगितले पाहिजे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर नागपूर विद्यापीठात पाली हा मूठभर पंडितांचा विषय राहिला नाही. बाबासाहेब आंबेडकर १९५० साली कँडीला, १९५४ मध्ये रंगूनला आणि धम्मदीक्षेनंतर काठमांडूला जागतिक बौद्ध परिषदांना गेले होते. पालीचा कोश आणि व्याकरण त्यांनी स्वतः तयार केले होते. त्यांच्यामागून शेतमजुरांची, रेल्वे कामगारांची, विडी कामगारांची मुले पालीत एम. ए. करू लागली. भारतात दुसरीकडे कुठे असे घडले असेल असे मला वाटत नाही. ही मुले म्हणजे आशियाच्या अभ्यासाचा तयार पाया आहे. पण एम. ए. पालीनंतर त्यांना सिंहली, बर्मी किंवा थाई शिकवणारा कुणी भेटत नाही, आणि नेट-सेटच्या रांगेत त्यांची वर्षे निघून जातात. मी स्वतः पालीचे वर्ग घेत असताना हे पाहिले आहे. ज्यांच्यात बापट होण्याची कुवत होती, ते कंत्राटी तासिकांवर शिकवत थकले.

आता प्रत्यक्ष पदवीविषयी.

आपल्या देशात 'आशिया अभ्यास' या नावाची पदवी क्वचितच दिसेल. ती वेगवेगळ्या नावांखाली शोधावी लागते. दिल्ली विद्यापीठात पूर्व आशिया अभ्यास विभाग आणि बौद्ध अध्ययन विभाग, जवाहरलाल नेहरू विद्यापीठात चिनी, जपानी, कोरियन भाषांचे एम. ए. आणि आंतरराष्ट्रीय अभ्यासाची शाळा, पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठाचे जपानी आणि सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा पाली विभाग, राजगीरचे नालंदा विद्यापीठ. परदेशात नेदरलँड्समध्ये लायडेन, स्वीडनमध्ये लुंड, लंडनची प्राच्यविद्या संस्था, सिंगापूर, टोकियोचे वासेदा, बँकॉकचे चुलालाँगकोर्न. माहितीपत्रक उघडल्यावर पहिले पान वाचू नका. भाषेचे तास आठवड्याला किती, हे कुठे लिहिले आहे ते शोधा. तिथे काहीच लिहिलेले नसेल, किंवा भाषा 'ऐच्छिक' असेल, तर ती पदवी तुमच्यासाठी नाही. मग ते विद्यापीठ कितीही नामांकित असो.

दोन वर्षांच्या एम. ए. मध्ये चिनी किंवा जपानी शून्यापासून शिकून त्यात संशोधन करणे अशक्य आहे. तिथे वेगळा काही मार्ग नाही. म्हणून पदवीच्या पहिल्या वर्षीच भाषा धरावी. जपानीची क्षमता परीक्षा पाच पायऱ्यांची असते, सगळ्यात खालची पाचवी आणि सगळ्यात वरची पहिली. तिसरी पायरी चढल्याशिवाय जपानच्या विद्यापीठाला पत्र लिहू नये आणि दुसरी हातात असेल तर तुमचे पत्र नीट वाचले जाते, एवढे मी अनुभवावरून सांगू शकतो. चिनी आणि कोरियन भाषांच्याही अशाच परीक्षा आहेत. मराठी मुलाला जपानीत एक सोय आहे. वाक्याची घडण आपल्यासारखी, क्रियापद शेवटी, नामाला मागून लागणारे प्रत्यय. अडचण लिपीची, आणि ती रोजच्या सरावाशिवाय सुटत नाही. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्या मुलांना मी नेहमी म्हणतो, मराठीतून विचार करून पाहा, अर्धे व्याकरण आपोआप जागेवर बसेल.

पैशांचे सांगितले नाही तर हे सगळे बोलणे पोकळ ठरेल. जपान सरकारची शिष्यवृत्ती शिक्षणशुल्क, राहण्याचा खर्च आणि विमानभाडे देते. कोरिया सरकारच्या पदव्युत्तर शिष्यवृत्तीत पदवीआधी वर्षभर भाषा शिकवली जाते. आपल्या मुलांना हीच सर्वांत सोयीची, कारण भाषेच्या वर्षाचा खर्चही तो देश सोसतो. तैवानची शिष्यवृत्ती फार थोड्यांना माहीत आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे.

या केंद्राच्या शिष्यवृत्तीबद्दल मला मोकळेपणाने बोलायचे आहे. २०२२ साली तिच्या नियमांत बदल झाला आणि भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक संशोधन हे विषय वगळले गेले. कारण असे दिले गेले की हे विषय शिकायला परदेशी जायची गरज नाही. मला हा निर्णय चुकीचा वाटतो. 'विमुत्तिमग्गा'ची गोष्ट मी आत्ताच सांगितली. भारताचा अर्धा बौद्ध वारसा भारतात नाही. तो चिनी आणि तिबेटी भाषांतरांत, सिंहली आणि बर्मी हस्तलिखितांत, क्योटोच्या आणि ल्हासाच्या ग्रंथालयांत आहे. समुद्रपूरच्या शेतमजुराच्या मुलीने तो वाचायला जायचे ठरवले, तर हा विषय भारताचा की परदेशाचा, हे कारकून कोणत्या रकान्यात टाकणार? हा नियम मागे घ्यावा अशी मागणी या व्यासपीठावरून मी करतो. तोवर मुलांना सांगतो, विषयाची मांडणी करताना पलीकडच्या देशाला केंद्रस्थानी ठेवा. लंकेतली पाली टीका-परंपरा हा लंकेचा विषय आहे, आणि ते खरेही आहे.

आता ज्या भागासाठी मी खरा आलो तो. संशोधनाचा विषय शोधायला वर्ध्याच्या मुलाला दूर जावे लागत नाही.

एक विषय देतो, ज्याला घ्यायचा असेल त्याने घ्यावा. १९३३ साल. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकापासून नावाजलेला. १८९३ मध्ये जमशेदजी टाटांच्या पुढाकाराने निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीची मुंबई-कोबे जहाजे सुरू झाली आणि भारतीय कापसाचे जपान हे फार मोठे गिऱ्हाईक झाले. आपल्या मार्केटातली रुई जिनिंगमधून निघून, गाठी बांधून मुंबईला जायची आणि तिथून ओसाकाच्या गिरण्यांत. १९३३ मध्ये ब्रिटिश सरकारने जपानी कापडावरची जकात शेकडा ७५ पर्यंत चढवली. जपानी गिरणीवाल्यांनी उत्तर म्हणून भारतीय कापसावर बहिष्कार घातला. १९३४ च्या सुरुवातीला तडजोड झाली: जपानने वर्षाला १० लाख गाठी कापूस घ्यावा, तर त्याला ३२.५ कोटी वार कापड भारतात विकता येईल. जास्त कापूस घेतला तर जास्त कापड, ४० कोटी वारांपर्यंत. या आकड्यांचा इतिहास मुंबई, सिमला आणि लंडनच्या बाजूने लिहिला गेला आहे. बहिष्काराच्या त्या महिन्यांत वर्ध्याच्या अडत्याने शेतकऱ्याला काय भाव दिला, चुकारे कसे थांबले, कुणाचे वावर गहाण पडले, हे लिहायला एका बाजूने नागपूरचे अभिलेखागार आणि इथल्या जुन्या पेढ्यांच्या वह्या वाचता आल्या पाहिजेत, दुसऱ्या बाजूने ओसाकाच्या कापूस कंपन्यांचे कागद. मराठी, मोडी आणि जपानी येणारा माणूस हवा. असा माणूस आज माझ्या पाहण्यात नाही. तो या जिल्ह्यातून निघू शकतो.

आणि त्याच १९३३ च्या ऑक्टोबरात एक जपानी भिक्षू वर्ध्यात गांधीजींना भेटला. निचिदात्सु फुजी. सपाट ढोल वाजवत, सद्धर्मपुंडरीक सूत्राला वंदन करणारा मंत्र म्हणत चालणाऱ्या पंथाचे गुरू. त्यांचा एक शिष्य पुढे आश्रमात राहिला. जपान युद्धात उतरल्यावर सरकारने त्याला पकडून नेले. जुलै १९४२ मध्ये गांधीजींनी जपानी जनतेला उद्देशून जे पत्र लिहिले, त्यात चीनवरच्या आक्रमणाचा कडक निषेध आहे आणि त्याच पत्रात या भिक्षूची प्रेमाने काढलेली आठवणही. सेवाग्रामच्या प्रार्थनेत तो जपानी मंत्र आजही म्हणतात. तो कुठून आला ते पाहा. मूळ सूत्र संस्कृतात, भारतात रचलेले. कुमारजीवाने इसवी सन ४०६ मध्ये ते चिनीत नेले. तेराव्या शतकात जपानच्या निचिरेनने त्या चिनी नावालाच मंत्र केले. आणि सातशे वर्षांनी तो मंत्र वर्ध्याला पोचला, जिथे रोज म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो आपल्याच भूमीतल्या ग्रंथाचे नाव आहे हे ठाऊक नसते. एकीकडे जपानच्या गिरण्या आपला कापूस नाकारत होत्या आणि त्याच साली जपानचा भिक्षू इथल्या दारात उभा होता. या दोन गोष्टी एकाच माणसाने लिहिल्या पाहिजेत. अर्थशास्त्राच्या विभागाने एक आणि धर्मशास्त्राच्या विभागाने दुसरी लिहिली, तर १९३३ सालचा वर्धा जिल्हा कुणालाच दिसणार नाही.

विषय आणखी आहेत. मगनवाडीतले जो. कॉ. कुमारप्पा १९५१ मध्ये चीनला आणि जपानला गेले, तिथली शेती आणि ग्रामोद्योग पाहून त्यांनी काय ताडले? काका कालेलकर जपानबद्दल एवढ्या ओढीने का लिहीत राहिले? विदर्भातल्या गावोगावच्या विहारांत थायलंडहून आलेल्या बुद्धमूर्ती आहेत; त्या कुणी दिल्या, कोणत्या वाटेने आल्या, त्या मूर्तींनी गावातल्या उपासनेत काय बदलले? कामठीचे ड्रॅगन पॅलेस १९९९ मध्ये जपानी देणगीतून उभे राहिले. नागपुरात भदंत सुरेई ससाई जपानहून येऊन स्थायिक झाले, भारताचे नागरिक झाले. आधुनिक आशियाची देवघेव आपल्या तालुक्याच्या एस. टी. स्टँडपर्यंत आलेली आहे. ती लिहायला थाई आणि जपानी येणारी मराठी मुलगी हवी.

आपल्याविषयी हे काम इतरांनी केले आहे. हिरोशी फुकाझावा हे टोकियोचे इतिहासकार मराठी शिकले, पेशवेकालीन मराठी कागद वाचून त्यांनी आपल्या गावगाड्याचा, वतनांचा, बलुत्याचा इतिहास लिहिला. हिरोयुकी कोतानी यांनी तेच काम पुढे नेले. जर्मनीत गुंथर सोंथायमर धनगरांच्या ओव्या ऐकत खंडोबाचा अभ्यास करत राहिले. अमेरिकेच्या एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीचा पहिला मोठा अभ्यास केला. या लोकांनी आपली भाषा शिकण्याचे कष्ट घेतले. जपानमधल्या एखाद्या जिल्ह्याचा, तिथल्या गावकामगारांचा असा अभ्यास जपानी कागदपत्रांवरून करणारा एक मराठी माणूस मी शोधतो आहे. आपण जपानवर प्रवासवर्णने लिहिली, पु. लं.चे 'पूर्वरंग' मी पुन्हा पुन्हा वाचले आहे. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवला. पण ज्ञानाच्या बाजूने आपण अजून देणेकरीच आहोत.

आईवडिलांचा प्रश्न मला माहीत आहे: पुढे काय? सोयाबीन-कपाशीवर घर चालवणाऱ्या बापाने तो विचारलाच पाहिजे, त्याला उडवून लावू नये. प्राध्यापकीच्या जागा थोड्या आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. पण जपानी किंवा कोरियन नीट येणाऱ्या मुलाला पुणे-चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत दुभाषा म्हणून, पर्यटनात, भाषांतरात, परराष्ट्र खात्यात काम मिळते. आणि भाषा हातात असलेला माणूस संशोधनाकडे पुन्हा वळू शकतो. नुसती सिद्धांतांची पदवी घेतलेल्याला ही परतीची वाट नसते. म्हणूनही मी भाषेवर एवढा जोर देतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही त्याच पथकात होते. पाच डॉक्टर गेले. कोटणीस चिनी शिकले, चिनीतून शिकवू लागले, बेथून रुग्णालयाचे प्रमुख झाले, ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. चीनमध्ये आजही त्यांची समाधी राखली जाते. त्यांच्या वैद्यकीय पदवीइतकेच श्रेय मी त्या भाषेला देतो. ती आल्यामुळे ते तिथे पाहुणे उरले नाहीत.

आता पुन्हा लंकेला पाठवायच्या विद्यार्थ्यांकडे. कोसंबी ज्या विद्योदय परिवेणात शिकले त्याचे १९५९ मध्ये विद्यापीठ झाले, ते आजचे श्री जयवर्धनेपुर विद्यापीठ. भदंत आनंद कौसल्यायन ज्या विद्यालंकारात शिकले ते आजचे केलनिया विद्यापीठ. त्याची पाली आणि बौद्ध अध्ययनाची पदव्युत्तर संस्था कोलंबोत आहे, आणि तिथे परदेशी विद्यार्थी घेतात. युरोपच्या मानाने खर्च फारच कमी. नागपूरहून विमान बदलून एका दिवसात पोचता येते.

माझी सूचना अशी. वर्धा जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी, हिंदी विद्यापीठाच्या बौद्ध अध्ययन केंद्राने आणि या व्याख्यानमालेच्या विश्वस्तांनी मिळून धर्मानंद कोसंबींच्या नावाने दर वर्षी एक विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी दोन वर्षांसाठी लंकेला पाठवावी. जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतून अर्ज घ्यावेत. निवडीआधी सहा महिने सिंहली आणि पालीचा वर्ग इथे चालवावा आणि त्या वर्गाच्या परीक्षेवर निवड करावी, मुलाखतीतल्या इंग्रजीवर करू नये. परत आल्यावर त्या विद्यार्थ्याने दोन वर्षे इथे शिकवावे आणि एक पुस्तक मराठीत लिहावे. सयाजीरावांनी कोसंबींना असेच महाराष्ट्रात राहून लिहायला सांगितले होते. सिंहली शिकवायला शिक्षक लागेल, त्यासाठी नागपुरात आणि हिंदी विद्यापीठात शिकणाऱ्या सिंहली भिक्षूंना विचारावे. पहिल्या वर्षाचा माझा वाटा, म्हणजे आजच्या व्याख्यानाचे मानधन आणि त्यात माझी थोडी भर, मी सभेनंतर कार्यवाहांकडे देतो आहे. पाली-सिंहली वर्गाच्या पहिल्या तुकडीला शिकवायला मी येईन. नावे नोंदवायची वही बाहेर टेबलावर ठेवली आहे.